मेहता, करमचंद : गव्हावरील तांबेऱ्याचे संशोधन

गव्हावरील तांबेरा हा कवकजन्य रोग (कवक म्हणजे हरितद्रव्यरहित सजीव) भारताच्या मैदानी प्रदेशात दरवर्षी नव्याने कोठून येतो, या प्रश्नाची प्रायोगिक पुराव्याच्या आधारे उकल करणारे भारतीय वनस्पतिरोगवैज्ञानिक म्हणून करमचंद मेहता यांची ओळख आहे. आग्रा कॉलेजात वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून काम करीत असतानाच त्यांनी १९२३ नंतरचे सर्व आयुष्य जवळजवळ या एकाच प्रश्नाला वाहिले. एखाद्या शास्त्रज्ञाने अनेक विषयांना स्पर्श करण्याऐवजी एकच प्रश्न पंचवीस वर्षांहून अधिक काळ लावून धरावा, याचे भारतीय कृषिविज्ञानातील हे ठळक उदाहरण होय. त्यांचे काही निष्कर्ष पुढे बदलावे लागले, तथापि प्रश्न मांडण्याची त्यांची पद्धत टिकून राहिली.

गव्हावर तीन प्रकारचे तांबेरे आढळतात. काळा किंवा खोडावरील तांबेरा (पक्सिनिया ग्रॅमिनिस ट्रिटिसाय), तपकिरी किंवा पानावरील तांबेरा (पक्सिनिया ट्रिटिसिना) आणि पिवळा तांबेरा (पक्सिनिया स्ट्रायफॉर्मिस). महाराष्ट्रातील शेतकरी या रोगाला तांबेरा किंवा गेरवा म्हणतो, तर उत्तरेकडे त्याला गेरुई असे नाव आहे. रोगट शेतातून चालत गेल्यास कपड्यांना जी तांबूस भुकटी लागते, ती या कवकाच्या यूरिडोबीजाणूंची (वारंवार निर्माण होणाऱ्या उन्हाळी बीजाणूंची) असते. पानावर दवाचा पातळ थर काही तास टिकला म्हणजे बीजाणू रुजतो, त्याची नलिका पर्णरंध्रातून आत शिरते आणि अनुकूल हवामानात सुमारे दोन आठवड्यांच्या आत त्या जागी नवीन फोड फुटून हजारो बीजाणू बाहेर पडतात. एका हंगामात अशा अनेक पिढ्या होतात. त्यामुळे डिसेंबरात शेतात चार-दोन फोड दिसले, तर फेब्रुवारीत सगळे शेत लाल झालेले असू शकते. दाणे भरण्याच्या सुमारास झाडातील पाणी व अन्नरस या फोडांवाटे वाया जातो, दाणे सुरकुततात व ओंब्या हलक्या राहतात. तिन्ही तांबेऱ्यांच्या तापमानविषयक गरजा वेगवेगळ्या आहेत. पिवळ्याला थंडी लागते, तपकिरी मध्यम तापमानात फोफावतो आणि काळ्याला उबदार हवा मानवते. त्यामुळे पिवळ्या तांबेऱ्याचा उपद्रव मुख्यतः उत्तर भारतात होतो, तर काळा तांबेरा मध्य भारत, महाराष्ट्र व कर्नाटक या भागांत घातक ठरतो.

भारतात हा रोग नवा नाही. विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नर्मदेच्या खोऱ्यातील तांबेऱ्याच्या साथींची व त्यांमुळे ओढवलेल्या हलाखीची नोंद केली आहे. त्या काळी अशा साथी दैवी कोप मानल्या जात. जवसावरील तांबेराच गव्हावर येतो, असाही एक समज प्रचलित होता. प्रत्यक्षात जवसाचा तांबेरा ही वेगळीच जाती असून ती गव्हाला लागत नाही. पण एका पिकावरचा तांबेरा दुसऱ्या वनस्पतीवर जातो ही कल्पना मुळातच खुळी होती, असे मात्र म्हणता येणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डे बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले की, काळ्या तांबेऱ्याचे कवक आपले जीवनचक्र दोन अगदी भिन्न वनस्पतींवर पूर्ण करते. गव्हावर हंगामाच्या अखेरीस तयार होणारे काळे टेल्यूटोबीजाणू हिवाळ्यानंतर रुजतात. त्यांपासून निर्माण होणारे सूक्ष्म बीजाणू गव्हाला लागत नाहीत, ते बार्बेरीच्या (दारुहळदीच्या वंशातील झुडपांच्या) पानांवर वाढतात आणि तेथे तयार होणारे ईसिओबीजाणू पुन्हा गव्हावर येतात. यूरोपातील शेतकरी बार्बेरीच्या कुंपणाला फार पूर्वीपासून दोष देत आले होते. त्यांचे म्हणणे यामुळे खरे ठरले. अमेरिकेत तर १९१८ पासून बार्बेरी निर्मूलनाची मोठी मोहीमच सुरू झाली.

भारतात मात्र हे स्पष्टीकरण लागू पडेना. येथे बार्बेरीच्या जाती आहेत, पण त्या हिमालयात व दक्षिणेकडील उंच डोंगरांवर आहेत. जबलपूर, नागपूर किंवा नाशिक येथील गव्हापासून त्या शेकडो किलोमीटर दूर असताना तेथील पीक वर्षामागून वर्ष तांबेऱ्याने ग्रासले जाते. सिमल्यात राहून तांबेऱ्यांचा अभ्यास करणारे वैद्यकीय अधिकारी आर्थर बार्क्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला हात घातला. त्यानंतर पुसा येथील एडविन जॉन बटलर व त्यांचे सहकारी हेमन यांनी १९०६ मध्ये भारतीय गव्हाच्या तांबेऱ्यांवर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. भारतातील वनस्पतिरोगविज्ञानाची पायाभरणी ज्यांनी केली त्या बटलर यांनाही रोगाच्या वार्षिक पुनरागमनाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

मेहतांची या प्रश्नाशी गाठ प्रथम इंग्लंडमध्ये पडली. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिज येथे गेले आणि तेथील परिसरातील तृणधान्यांच्या तांबेऱ्यांचे वार्षिक पुनरागमन हाच त्यांच्या संशोधनाचा विषय झाला. हे संशोधन ब्रिटिश कवकविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी स्वीडनचे याकोब एरिकसन यांचा ‘मिश्रजीवद्रव्य’ सिद्धांत पुष्कळ चर्चेत होता. तांबेऱ्याच्या कवकाचे जीवद्रव्य गव्हाच्या बीजातील पेशींच्या जीवद्रव्यात मिसळून अदृश्य अवस्थेत राहते व पुढील वर्षी रोपातून प्रकट होते, असे एरिकसन यांचे म्हणणे होते. हा सिद्धांत खरा असता, तर रोगाचे मूळ बियाण्यातच असल्याने बाहेरून येणाऱ्या बीजाणूंचा शोध घेण्याचे कारणच उरले नसते. मेहतांच्या निरीक्षणांनी या कल्पनेला कोणताही आधार मिळाला नाही. कवक जिवंत झाडावरच टिकते व तेथूनच पसरते, ही गोष्ट त्यांनी केंब्रिजच्या शेतांत पाहिली आणि भारतात परतताना हीच दृष्टी ते बरोबर घेऊन आले.

परंतु भारतातील परिस्थिती इंग्लंडच्या नेमकी उलट होती. यूरोपात प्रश्न असतो तो कवक हिवाळा कसा काढते याचा. भारतात हिवाळा हाच गव्हाचा हंगाम, म्हणून येथे प्रश्न उन्हाळ्याचा. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी होते आणि पुढील पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधल्या सहा-सात महिन्यांत मैदानात गव्हाचे हिरवे झाड जवळजवळ नसते आणि आग्र्यासारख्या ठिकाणी मे-जूनमध्ये पारा ४५° से.च्या वर जातो. या उष्णतेत यूरिडोबीजाणू जगू शकतील काय, हे मेहतांनी प्रयोगांनी तपासले. कडबा, भुसा व माती यांवरील बीजाणू कडक उन्हाळ्यात आपली अंकुरणक्षमता गमावतात, तसेच काळ्या टेल्यूटोबीजाणूंनाही मैदानातील रोगाच्या पुनरागमनात काहीच कार्य नसते, असे त्यांना दिसून आले. तेव्हा मैदानातील रोग दरवर्षी तेथेच संपतो आणि दरवर्षी बाहेरून येतो, हा निष्कर्ष अटळ होता. १९२९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या वनस्पतिविज्ञान शाखेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी जे भाषण केले, त्याचा विषयही भारतातील गव्हाच्या तांबेऱ्यांचे वार्षिक पुनरागमन हाच होता.

बाहेरून म्हणजे नेमके कोठून, हे ठरविण्यास मात्र एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा पुरेशी नव्हती. इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था १९२९ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या अनुदानामुळे १९३० पासून या कामाला योजनेचे स्वरूप आले. सिमला येथील फ्लॉवरडेल या ठिकाणी तांबेऱ्याच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. आग्र्याच्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे कवक जिवंत ठेवणेच कठीण असल्याने असे थंड हवेचे ठिकाण अपरिहार्य होते. मैदानात कवक जगत नाही याचा तो जणू व्यवहारातला दाखलाच म्हणता येईल.

मेहता व त्यांचे सहकारी यांनी हिमालयाच्या उतारांवर उन्हाळ्यात व पावसाळ्यात फिरून पाहणी केली. उंच डोंगरांत गव्हाची कापणी उशिरा होते, कापणीनंतर सांडलेल्या दाण्यांपासून रोपे आपोआप उगवतात आणि जुन्या झाडांच्या बुडख्यांनाही नवे फुटवे येतात. या हिरव्या रोपांवर तांबेरा सबंध पावसाळाभर जिवंत राहतो, असे त्यांना आढळले. दक्षिणेकडे निलगिरी व पळणी या डोंगरांतही तीच स्थिती होती, किंबहुना तेथे ती अधिक सोयीची होती. कारण तेथील हवामानात गव्हाची वर्षातून दोन पिके घेतली जात आणि त्यामुळे कवकाला कोणत्याही महिन्यात आश्रय मिळे. उत्तरेकडे हिमालय व दक्षिणेकडे निलगिरी-पळणी अशी दोन उगमस्थाने मानली, तर देशभरातील रोगाच्या प्रसाराची संगती लागते, असे मेहतांनी प्रतिपादन केले.

या प्रतिपादनाचा पुरावा त्यांनी तीन बाजूंनी गोळा केला. वेगवेगळ्या ठिकाणी रोग प्रथम कोणत्या तारखेला दिसला याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवण्यात आल्या. डोंगरांच्या पायथ्याशी रोग आधी व दूरच्या मैदानात नंतर, असा क्रम त्यांतून दिसला. काचपट्ट्यांना चिकट पदार्थ लावून त्या ठिकठिकाणी हवेत ठेवल्या जात व त्यांवर पडलेले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जात. एखाद्या गावी पिकावर पहिला फोड दिसण्याआधीच तेथील हवेत बीजाणू सापडले, तर ते दुसरीकडून आले असणार हे उघड होते. याच्या जोडीला वाऱ्यांच्या दिशांचा अभ्यास होता. यांपैकी कोणतीही एक बाजू एकटी पुरेशी नव्हती आणि मेहतांना याची पूर्ण जाणीव होती, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. उपग्रहांच्या साहाय्याने वातावरणाचा अभ्यास होण्यापूर्वीच्या काळात, चिकट काचेच्या तुकड्यांवर शेकडो किलोमीटरच्या प्रवासाचा माग काढण्याचे हे काम होते.

बार्बेरीचा प्रश्नही त्यांनी मोघम ठेवला नाही. सिमल्याच्या परिसरात बार्बेरीच्या पानांवर तांबेऱ्याच्या ईसिओबीजाणूंचे पेले सर्रास दिसतात. ते गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचेच असावेत, असे वाटणे साहजिक होते. ते बीजाणू गव्हाला लावून केलेल्या प्रयोगांत मात्र गव्हाला रोग झाला नाही. बार्बेरीवरील तो तांबेरा निराळ्या, गवतांशी संबंधित अशा जातींचा होता. तपकिरी तांबेऱ्याची पर्यायी आश्रयी वनस्पती थॅलिक्ट्रम ही असल्याचे अमेरिकेत १९२१ मध्ये दिसून आले होते आणि थॅलिक्ट्रमच्या जाती हिमालयातही आहेत. पण तिचाही भारतातील रोगाच्या पुनरागमनाशी संबंध आढळला नाही. त्यामुळे अमेरिकेतील बार्बेरी निर्मूलनाचा उपाय भारतात निरुपयोगी ठरला. परदेशात यशस्वी झालेली मोहीम जशीच्या तशी उचलण्याचा मोह त्या काळी मोठा होता आणि हिमालयाच्या उतारांवरील झुडपे तोडण्यात होणारा खर्च व श्रम या नकारात्मक निष्कर्षामुळे वाचले. ही मेहतांची कामगिरी त्यांच्या इतर शोधांपेक्षा कमी महत्त्वाची नाही, पण तिचा उल्लेख क्वचितच होतो.

कवकाच्या एकाच जातीत गव्हाच्या वेगवेगळ्या वाणांवर भिन्न परिणाम करणारे वंश (शरीरक्रियात्मक वंश) असतात, हे अमेरिकेतील एल्विन स्टॅकमन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले होते. काळ्या तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी त्यांनी बारा वाणांचा एक संच ठरविला. या संचात ‘खपली’ हे नाव आहे. महाराष्ट्र व कर्नाटक या भागांत पिढ्यान्पिढ्या पेरला जाणारा, पुरणपोळी व खीर यांसाठी नावाजलेला हा खपली गहू तांबेऱ्याच्या बहुतेक वंशांना दाद देत नाही, म्हणून तो जगभरच्या प्रयोगशाळांत कसोटीचा वाण झाला. ऑस्ट्रेलियात वॉल्टर वॉटरहाउस यांनी त्याचा संकर करून ‘खपस्टाइन’ हा गहू तयार केला. खपलीपासून आलेली रोगप्रतिकारक जनुके आजही गव्हाच्या जनुकांच्या यादीत स्वतंत्र क्रमांकाने नोंदली जातात. मेहतांनी १९३० नंतर भारतातील वंशांची ओळख पटविण्याचे काम सुरू केले. कोणत्या भागात कोणते वंश आढळतात हे कळल्यावाचून रोगप्रतिकारक वाण पैदा करणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. त्यांच्या या कामाचा उपयोग बेंजामिन पिअरी पाल यांनी इंडियन ॲग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये चालविलेल्या गहू सुधारणेच्या कार्यक्रमास झाला. त्यातूनच १९५० नंतरच्या दशकात तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा एन. पी. ८०९ हा वाण पुढे आला.

सर्व संशोधनाचा आढावा घेणारा मेहतांचा पहिला प्रबंध कौन्सिलच्या वतीने १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोगनियंत्रणासाठी त्यांनी सुचविलेला उपाय त्यांच्या निष्कर्षांशी सुसंगत होता. निलगिरी व पळणी डोंगरांतील बिगरहंगामी गव्हाचे पीक काही वर्षे बंद करावे, हिमालयाच्या उतारांवर आपोआप उगवलेली रोपे नष्ट करावीत व तेथील पेरणी लांबणीवर टाकावी, म्हणजे कवकाला उन्हाळी आश्रय मिळणार नाही आणि मैदान आपोआप सुरक्षित राहील, असा तो विचार होता. कागदावर हा उपाय अत्यंत स्वस्त दिसतो. थोड्या क्षेत्रावरील पीक थांबवून कोट्यवधी एकरांवरील पीक वाचते. पण ज्यांचे पीक थांबवायचे ते डोंगराळ भागातील लहान शेतकरी होते आणि ज्यांचे पीक वाचायचे ते शेकडो किलोमीटर दूर होते. नुकसान सोसणारा एक व लाभ घेणारा दुसरा, अशी ही योजना मोठ्या प्रमाणावर अमलात येऊ शकली नाही. दुर्गम डोंगरउतारांवरील प्रत्येक आपोआप उगवलेले रोप शोधून काढणेही व्यवहारात शक्य नव्हते. वैज्ञानिक दृष्ट्या सुसंगत असलेला हा उपाय सामाजिक दृष्ट्या दुबळा होता, असेच म्हणावे लागते.

या अपयशाची किंमत लवकरच दिसली. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारत व त्याला लागून असलेल्या प्रदेशांत काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली. या साथीत सुमारे २० लाख टन गहू नष्ट झाला, असा अंदाज दिला जातो. बंगालच्या दुष्काळाला तीन-चार वर्षेच झाली होती, अन्नधान्याचे नियंत्रण चालू होते आणि देश फाळणीच्या उंबरठ्यावर उभा होता. अशा वेळी आलेल्या या साथीमुळे तांबेरा हा केवळ वनस्पतिविज्ञानातील विषय नसून शिधावाटपाच्या रांगेशी निगडित असलेला प्रश्न आहे, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले. मेहतांचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या प्रबंधाचा दुसरा भाग त्यानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेहतांच्या निष्कर्षांची खरी परीक्षा १९७० नंतर झाली. एल. एम. जोशी व एस. नागराजन यांनी तांबेऱ्याच्या सर्वेक्षणाला हवामानशास्त्राची जोड दिली. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात नोव्हेंबरच्या सुमारास निर्माण होणारी चक्री वादळे व कमी दाबाची क्षेत्रे दक्षिण भारतावरून जाताना निलगिरीतील यूरिडोबीजाणू उचलून नेतात आणि मध्य भारतात ते पावसाबरोबर कोवळ्या गव्हावर उतरवतात, हे त्यांनी उपग्रहांनी घेतलेली ढगांची छायाचित्रे व पावसाचे पृथक्करण यांच्या साहाय्याने दाखविले. कोणत्या प्रकारची वातावरणीय स्थिती आली असता साथीची शक्यता वाढते, याचे नियमही या काळात मांडले गेले. बीजाणू डोंगरापासून टप्प्याटप्प्याने मैदानात सरकतात या समजुतीऐवजी एकाच झेपेत हजार किलोमीटरचा प्रवास घडतो, ही कल्पना त्यामुळे पुढे आली. मेहतांनी हिमालय व निलगिरी या दोहोंना सारखे महत्त्व दिले होते. नव्या अभ्यासात काळ्या तांबेऱ्याचा उगम मुख्यतः निलगिरी-पळणीत असल्याचे ठरले. उत्तरेकडे तो इतक्या उशिरा पोहोचतो की, तोपर्यंत पीक पक्वतेला आलेले असते. तपकिरी तांबेरा दोन्हीकडून येतो, तर मैदानातील पिवळ्या तांबेऱ्याचा संबंध हिमालयाशी आहे. म्हणजे उगमस्थाने मेहतांनी सांगितली तीच राहिली, पण तिन्ही तांबेऱ्यांमधील त्यांची वाटणी बदलली.

वादळांच्या या मार्गात महाराष्ट्र येतो. निलगिरीतून निघालेला काळा तांबेरा येथील गव्हावर डिसेंबरच्या आसपासच दिसू लागतो आणि ढगाळ, दमट हवा लाभल्यास दाणे भरेपर्यंत त्याला भरपूर वेळ मिळतो. म्हणून निफाड येथील गहू संशोधन केंद्रात पूर्वीपासूनच रोगप्रतिकारक वाण तयार करण्यावर भर राहिला. केनियातून आणलेल्या प्रतिकारक गव्हाशी तेथे केलेल्या संकरातून ‘केनफड’ हे वाण निघाले व केनिया आणि निफाड या दोन्ही नावांचे अंश त्यांच्या नावात टिकून राहिले. महाबळेश्वरची थंड हवा लक्षात घेऊन तेथे गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे कवकाचे वंश जिवंत राखून नवीन वाणांची त्यांच्यावर चाचणी घेतली जाते. निलगिरीतील वेलिंग्टन येथील केंद्राचे कार्य आणखी वेगळे आहे. ज्या डोंगरातून रोग निघतो तेथेच रोगप्रतिकारक वाण पेरले, तर बीजाणूंचा साठाच घटतो. पीक बंद करा असे मेहतांना सांगावे लागले होते, कारण त्यांच्या काळी पर्यायी वाण हाताशी नव्हता. पीक बंद न करता ते बदलण्याचा हा मार्ग डोंगरातील शेतकऱ्यालाही परवडणारा ठरला.

मेक्सिकोतून आलेल्या लेर्मा रोहो व सोनोरा ६४ यांसारख्या बुटक्या वाणांच्या प्रसारानंतर काळ्या तांबेऱ्याच्या मोठ्या साथी भारतात जवळजवळ थांबल्या आणि बराच काळ हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. १९९८ मध्ये युगांडात ‘यूजी ९९’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला काळ्या तांबेऱ्याचा नवा वंश सापडला. जगातील असंख्य वाणांना संरक्षण देणारे, राय या धान्यापासून गव्हात आणलेले एसआर ३१ हे जनुक त्याने निष्प्रभ केले. हा वंश २००७ पर्यंत इराणमध्ये पोहोचल्याचे जाहीर झाले, तेव्हा भारतातील वाणांची केनियात नेऊन चाचणी घेण्यात आली आणि फ्लॉवरडेल, महाबळेश्वर व वेलिंग्टन येथील सर्वेक्षणाला नव्याने महत्त्व आले. २०१० मध्ये अमेरिकेतील यू जिन व त्यांचे सहकारी यांनी बार्बेरी ही पिवळ्या तांबेऱ्याचीही पर्यायी आश्रयी वनस्पती असल्याचे सिद्ध केले. शंभरहून अधिक वर्षे कोणालाही हे आश्रयस्थान सापडले नव्हते. त्यामुळे सिमल्याच्या उतारांवरील बार्बेरीची पाने पुन्हा एकदा संशोधकांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आली असून, हिमालयात नवे वंश तेथे निर्माण होतात की काय, याचा शोध चालू आहे.